‘लागेल कधीतरी’चं काय करायचं?
एक जानेवारीला जिम लावायचं रिझोल्यूशन मी यंदा केलंच नाही. पंधरा तारखेला आई राहायला येणार होती आणि कोथरूडच्या माझ्या वन आरकेत तिला बसायलाही जागा नव्हती! एकुलत्या एका खुर्चीवर कपड्यांचा डोंगर. अकरा-अकरा महिन्यांच्या अ‍ॅग्रीमेंटवर तीन घरं बदलली, त्यात एक खोकं न उघडताच माझ्याबरोबर फिरत राहिलं.

मारी कोंडोचा फंडा तुम्हाला माहीत असेलच. खोलीवार नाही, प्रकारवार आवरायचं. आधी कपडे, मग पुस्तकं, कागद, किरकोळ सामान. आठवणींच्या वस्तू अगदी शेवटी. (तिसऱ्या बाळानंतर आपलंही घर पूर्वीसारखं टापटीप राहत नाही, असं तिनेच २०२३ मध्ये सांगून टाकलं. काय बरं वाटलं म्हणून सांगू!)

कपडे एका दुपारीत उरकले. काळे टॉप निघाले सात. चार्जर नऊ, फोन एक!

अडले ते खोक्यापाशी. आत बाबांचा चष्मा, मफलर आणि तारेला टोचून ठेवलेली लाइटबिलं. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. बिलं कधीच भरलेली, तरी टाकवेनात. खोकं पुन्हा पलंगाखाली सरकवलं.

आईने आल्या आल्या ते बाहेर ओढलं. चष्मा पर्समध्ये ठेवला, मफलर स्वतःच्या गळ्यात. बिलं सरळ रद्दीत. मी बघतच राहिले. तार मात्र तिने पुसली आणि ओट्याजवळच्या खिळ्याला अडकवली.

“माझ्या औषधांच्या बिलांना लागेल.”