टाळूवरचे तेल

तान्ह्या बाळाच्या टाळूवर पिवळसर, तेलकट खवल्यांचा थर दिसू लागला की घरातील वडीलधाऱ्यांची नजर प्रथम आईकडे वळते. बाळंतिणीने पथ्य पाळले नाही, न्हाऊ नीट घातले नाही, असे दोष तिच्या पदरी बांधले जातात. ते निराधार आहेत. आईच्या शरीरातून आलेल्या संप्रेरकांमुळे बाळाच्या त्वचेतील स्निग्ध ग्रंथी अधिक पाझरतात, त्वचेवर नेहमीच वावरणारी एक सूक्ष्म बुरशी त्यावर पोसते आणि मृत त्वचा झडण्याऐवजी चिकटून राहते, असे वैद्यकशास्त्र मानते. हा विकार संसर्गजन्य नाही. बहुधा वर्षाच्या आत तो आपोआप जातो.

प्रश्न आहे तो उपायांचा. टाळू भरण्याची आपली प्रथा जुनी. आमच्या किनाऱ्यावर खोबरेल, उत्तरेकडे मोहरीचे तेल. तेलाने खवले मऊ होतात हे खरे. परंतु ते रात्रंदिवस मुरू दिले तर त्या बुरशीचेच फावते. म्हणून तेल थोडे लावावे, पाव-अर्ध्या तासाने मऊ ब्रशने हलके चोळावे आणि सौम्य शांपूने धुऊन टाकावे. मोहरीचे तेल टाळलेलेच बरे, ते झोंबते. नखाने खपली काढू नये. टाळू धडधडते म्हणून ती धुण्यास अनेक माता भितात; हलक्या हाताने धुतल्यास तिला इजा होत नाही.

मात्र डोक्यातून पाणी वा पू येऊ लागला, लाली पसरली, ताप आला किंवा केसांचे पुंजके गळू लागले, तर घरगुती उपाय थांबवावेत. डोक्यातील गजकर्णास पोटात घेण्याचे औषध लागते. दुकानातून आणलेल्या स्टेरॉइडयुक्त मलमाने तर ते अधिकच बळावते.

शहरातील मातेला डॉक्टर जवळ असतो. मध्य प्रदेशातील बुऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या धूलकोटसारख्या सातपुड्याकडील गावी हा निर्णय पुष्कळदा घरातच घ्यावा लागतो, आणि तेथेच जाणत्या माणसाची खरी गरज असते. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी खेड्यातील स्त्रियांना शिकवून नवजात अर्भकांची घरोघरी देखभाल यशस्वी करून दाखविली. त्या कामाचा अहवाल १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केला. २०११ पासून अशी सेवा ‘आशा’ कार्यकर्त्यांमार्फत देशभर सुरू झाली. बेचाळीस दिवसांत तिने किमान सहा वेळा घरी यावयाचे असते. खवलेही बहुधा याच सुमारास दिसू लागतात. ती आली म्हणजे वजनावर न थांबता बाळाचे टोपडे उतरवून तिला डोके दाखवावे, आणि ती आलीच नाही तर ग्रामसभेत विचारावे.