पदनाम, आडनाव आणि इंग्रजीतील मोठे अक्षर

इंग्रजीत पदनाम व्यक्तिनामाच्या लगत, त्यापूर्वी आले, की त्याचे पहिले अक्षर मोठे लिहितात. केवळ अधिकाराचे वाचक असल्यास सामान्यतः लहान. (सरकारी इंग्रजी साहेबाच्या पदाला सर्वत्र मोठे अक्षर देते, ही गोष्ट वेगळी.) देवनागरीत हा अक्षरभेदच नाही. त्यामुळे मूळ मराठी लेखकाने न घेतलेला निर्णय भाषांतरकाराला घ्यावा लागतो.

बुलढाणा जिल्ह्यातील ‘पाटील’ हा शब्द पाहावा. ‘पाटलांनी निवाडा दिला’ यात तो पद की आडनाव? ‘गावच्या पाटलाने’ म्हटल्यास पद स्पष्ट होते, ‘श्री. पाटील यांनी’ म्हटल्यास मूळ रूप अविकृत राहून आडनाव सूचित होते. तथापि आदरार्थी बहुवचन आले, की हा भेद पुसला जातो. आणि पाटलाला एकवचनी संबोधण्याचे धाडस गावात कोण करणार? भाषांतरात मोठे अक्षर घातले, की आडनावाची ग्वाही दिली जाते. लहान घातले, की त्या व्यक्तीच्या हाती अधिकार होता असे विधान होते. वतनांच्या इतिहासात हा फरक क्षुल्लक नव्हे.

सिंदखेडच्या लखुजी जाधवांकडे देशमुखी होती. आडनाव जाधवच राहिले. त्यांच्यासंबंधी ‘देशमुख’ लहान अक्षरानेच लिहिणे युक्त. महसुली पाटलाचे पद १९६२ च्या कायद्याने रद्द झाले. १९६७ च्या कायद्याखालील पोलिस पाटील मात्र आजही नेमला जातो. म्हणून अलीकडच्या कागदात नुसता ‘पाटील’ आढळल्यास आडनावाचा पक्ष बळावतो; जुन्या कागदात मागच्यापुढच्या ओळी वाचल्यावाचून निर्णय करता येत नाही.