ब्राउझर चाचण्या खरंच लहरी असतात का?

रुबीत काम करणाऱ्या टीममध्ये ब्राउझर चाचण्यांचा विषय निघाला की पहिली तक्रार ठरलेली असते: ‘सेटअपमध्येच जीव जातो.’ एके काळी हे खरं होतं. क्रोम आपोआप अपडेट व्हायचा, क्रोमड्रायव्हर जुनाच राहायचा आणि सगळ्या चाचण्या लाल. पण २०२२च्या अखेरीस आलेल्या सेलेनियम ४.६ पासून सेलेनियम मॅनेजर सोबतच मिळतो. जुळणारा ड्रायव्हर तो स्वतः शोधतो, नसेल तर उतरवून घेतो. ड्रायव्हर उतरवण्यासाठी जेमफाइलमध्ये ठेवलेलं वेगळं जेम आता बहुतेकांना काढून टाकता येईल. रेल्समध्ये तर ५.१ पासून, म्हणजे २०१७ पासून, कॅपिबारावर चालणाऱ्या सिस्टिम टेस्ट अंगभूत आहेत.

‘डेटाबेस क्लीनर लागतोच’ हा समजही त्याआधीच्या काळातला. कॅपिबारा अॅपचा सर्व्हर वेगळ्या थ्रेडमध्ये चालवतो, म्हणून पूर्वी चाचणीने भरलेली माहिती सर्व्हरला दिसत नसे. रेल्स ५.१ पासून दोन्ही थ्रेड एकच कनेक्शन वापरतात. चाचणी संपली की ट्रान्झॅक्शन मागे घेतलं जातं, वेगळी साफसफाई उरत नाही.

सर्वात हट्टी गैरसमज मात्र पुढचा: या चाचण्या लहरी असतात, कधी पास तर कधी फेल, म्हणून मध्येमध्ये ‘स्लीप’ टाकावं. माझ्या मते ब्राउझर चाचण्यांची बदनामी सर्वाधिक याच सवयीने केली. पाच सेकंदांचं स्लीप वेगवान मशीनवर वेळ खातं आणि सीआयच्या संथ मशीनवर तेही अपुरं पडतं. कॅपिबारा मुळातच वाट पाहतो: घटक दिसेपर्यंत, मूळ सेटिंगनुसार २ सेकंद. गडबड होते ती आपण प्रश्न चुकीचा विचारतो तेव्हा. समजा कार्टवरचा आकडा ३ व्हायला हवा. ‘फाइंड’ने घटक शोधून त्याचं ‘टेक्स्ट’ ३शी ताडून पाहिलं, तर घटक आधीपासून पानावर असल्याने लगेच सापडतो आणि जुना २च वाचला जातो. त्याऐवजी ‘असर्ट सिलेक्टर’ला टेक्स्ट ३ हवं असं सांगा, मग तो आकडा बदलेपर्यंत थांबतो. ‘सेव्ह होत आहे’ हा संदेश गेला का, हे बघतानाही तसंच. ‘हॅज टेक्स्ट’चं उत्तर उलटं करून घेऊ नका. संदेश अजून पानावर असला तर ते तत्क्षणी ‘आहे’ म्हणून मोकळं होतं. ‘असर्ट नो टेक्स्ट’ तो जाईपर्यंत थांबतं.

हेडलेस म्हणजे नकली ब्राउझर, असंही काहींना वाटतं. क्रोमचा नवा हेडलेस मोड नेहमीच्याच क्रोमचा कोड चालवतो, फक्त खिडकी दिसत नाही. जावास्क्रिप्ट चालत नाही ते कॅपिबाराच्या रॅक टेस्ट ड्रायव्हरमध्ये. तो ब्राउझर नाहीच.

आणि सगळंच ब्राउझरमधून तपासायला हवं, हेही खरं नाही. लॉगिन, ऑर्डर, पेमेंट हे मार्ग जरूर तपासा. चुकीचा पिनकोड किंवा शून्य रकमेचं बिल यांसाठी मॉडेलची चाचणी पुरते, आणि ती क्रोम उघडेपर्यंत संपलेलीही असते.