सही जुळत नाही तेव्हा

गाठ निघाली, टाके सुकले, माणूस घरी आला. चालतो, जेवतो, पाहुण्यांशी नीट बोलतो. मग कधीतरी बँकेत पैसे काढायची स्लिप भरायची वेळ येते आणि काउंटरपलीकडून ऐकू येते, "सही जुळत नाही." मेंदूतील गाठीच्या शस्त्रक्रियेनंतर लिहिण्यात अडचण येणे ही काही दुर्मीळ गोष्ट नव्हे. पण भोर किंवा वेल्ह्याच्या आतल्या गावातून पुण्याला रुग्ण हलवताना अक्षराचा विचार कोण करणार? जीव वाचवणे हेच तेव्हा मोठे काम असते, आणि ते योग्यही आहे. अक्षराचा प्रश्न उभा राहतो तो नंतर, रुग्णालयापासून लांब, घरात.

तसा हा मुलूख कागदपत्रांचा. भोर संस्थान पंतसचिवांचे. राजपत्रे तपासायची, मजकुरात काही अधिकउणे राहिले असेल तर दुरुस्त करायचे, ही मराठी राज्यात सचिवाची जबाबदारी. भोरहून वरंधा घाटाने खाली उतरले की महाड तालुक्यातली शिवथरघळ लागते. दासबोधाचे लेखन इथे झाले अशी परंपरा. त्या ग्रंथाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास चक्क लेखनक्रियेवर आहे. अक्षर आरंभापासून शेवटपर्यंत एकसारखे असावे, फार बारीक काढू नये, कारण म्हातारपणी ते उपयोगी पडत नाही, असा समर्थ रामदासांचा व्यवहारी सल्ला. शस्त्रक्रियेनंतर नेमके हे एकसारखेपणच हातातून निसटते. पहिला शब्द ठीक, तिसऱ्या शब्दाला अक्षर आकसते, ओळ संपेपर्यंत काना कुठे आणि मात्रा कुठे याचा मेळ राहत नाही.

लिहिणे हे एकट्या हाताचे काम नाही. शब्द आठवायचा, त्याची अक्षरे जुळवायची, प्रत्येक अक्षराचा आकार मनात आणायचा, मग बोटे, मनगट आणि नजर यांनी मिळून तो कागदावर उतरवायचा. व्हिएन्नाच्या सिग्मुंड एक्सनर यांनी १८८१ मध्ये मांडले की डाव्या मेंदूच्या पुढच्या भागात, हाताच्या हालचालीच्या केंद्राला लागून, लिहिण्याशी निगडित अशी एक जागा आहे. त्यावर शतकभर वाद चालला. २००९ मध्ये फ्रान्समधल्या तुलूझच्या शल्यचिकित्सकांनी जाग्या रुग्णांवर शस्त्रक्रिया करताना त्या जागेला विजेचा सौम्य स्पर्श दिला, तेव्हा बोलणे आणि हाताची हालचाल शाबूत असतानाही लिहिणे तेवढे थांबले. रुग्णाला जागे ठेवून गाठ काढण्याची ही पद्धत मुंबईच्या टाटा मेमोरिअल केंद्रातही वापरली जाते. ज्याचे पोट लिहिण्यावर आहे, त्याने तसे शस्त्रक्रियेआधीच डॉक्टरांना सांगून ठेवावे.

लिहिण्याच्या या साखळीतली कोणती कडी निखळली यावर पुढचे सगळे अवलंबून असते. हालचालीच्या केंद्राला धक्का बसला असेल तर पेनची पकड सुटते. त्याच्या पुढच्या, हालचाल सुरू करून देणाऱ्या भागाजवळची गाठ काढली असेल तर हातात ताकद असूनही हात उठत नाही. हा प्रकार पुष्कळदा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत बराच निवळतो. लहान मेंदूत बिघाड झाला तर अक्षर थरथरते, मोठे होते, रेघ जिथे थांबायची तिथून पुढे जाते. मुलांमधल्या गाठी बऱ्याचदा याच भागात असतात, म्हणून शाळकरी मुलांच्या वह्यांत हे जास्त दिसते. उजव्या बाजूच्या मागच्या भागाला इजा झाली तर रुग्ण पानाची डावी बाजू कोरीच सोडतो आणि ओळ तिरकी जाते. एकच काना दोनदा ओढला गेला तरी त्याच्या ते लक्षात येत नाही.

डाव्या बाजूच्या मागच्या भागातला बिघाड सर्वांत फसवा. तिथे हात धडधाकट असतो, अक्षरच सुचत नाही. कधी कधी त्यासोबत हिशेब चुकतात, डावे-उजवे कळत नाही, बोटांची नावेही सांगता येत नाहीत. योझेफ गेर्स्टमान या डॉक्टरांनी ही चौकडी ओळखून सुमारे शंभर वर्षांपूर्वी तिचे वर्णन केले.

घरच्यांना यातला फरक ढोबळपणे ओळखता येतो. रुग्णाला तोच मजकूर मोबाइलवर टाइप करायला द्यावा. मोबाइलवर बरोबर आणि कागदावर वेडेवाकडे, तर अडचण बहुधा हाताची किंवा नजरेची. दोन्हीकडे तीच चूक, तर अडचण भाषेची असण्याची शक्यता जास्त, आणि मग वाचा-भाषातज्ज्ञाकडे जायला हवे. अशा रुग्णाला पानेच्या पाने बाराखडी गिरवायला लावणे म्हणजे शुद्ध छळ आहे, आणि प्रेमापोटी तो घरोघर होतो.

भाषेची कडी तुटूनही माणूस कुठवर जाऊ शकतो याचे गाजलेले उदाहरण रशियातले. लेव झासेत्स्की या तरुण सैनिकाच्या डोक्यात १९४३ मध्ये गोळी घुसली. अक्षरे आठवेनात, लहान मुलासारखी एकेक शिकावी लागली. एके दिवशी डॉक्टरांनी त्याला सांगितले की अक्षर आठवत बसू नकोस, हात न उचलता शब्द एका दमात लिही. आणि हात लिहू लागला! लिहिलेले वाचणे मात्र त्याला जड जाई. तरी पुढच्या सुमारे पंचवीस वर्षांत त्याने तीन हजारांच्या आसपास पाने लिहिली आणि अलेक्झांडर लुरिया या मेंदूतज्ज्ञाने त्यावर पुस्तक केले. हात न उचलता लिहिणे म्हटले की मराठी वाचकाला मोडी आठवेल. मोडी लिहिणारा आधी पानभर शिरोरेघ ओढून घेई आणि मग अक्षरे तिला लटकवत जाई.

आखलेल्या रेघेचा आधार आजचे उपचारही घेतात. अक्षर बारीक होत जाणाऱ्यांना दुरेघी वही देतात, वरच्या आणि खालच्या रेघेला अक्षर टेकवायला सांगतात. हे काम ऑक्युपेशनल थेरपिस्टचे. मूळच्या अमेरिकन आणि लग्नानंतर इथल्याच झालेल्या कमला निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईत केईएम रुग्णालयात या विषयाची देशातली पहिली शाळा सुरू केली. तरीही आज गावाकडे फिजिओथेरपी सगळ्यांना ठाऊक, ही दुसरी थेरपी फारशी कुणाला नाही.

दर आठवड्याला पुण्याला खेप घालणे शेतकरी कुटुंबाला परवडत नाही. म्हणून एकदा नीट तपासून घेऊन घरचा कार्यक्रम लिहून घ्यावा. त्याला लागणारे सामान घरातच असते. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी पेनावर घट्ट गुंडाळली की पेन जाड होते आणि घसरत नाही. हात थरथरणाऱ्या काहींना वजनदार पेन सोयीचे पडते. कोपर टेबलावर टेकवावे, कागद चिकटपट्टीने पक्का करावा, पुठ्ठ्याची जाड फाइल उतरती ठेवून तिच्यावर लिहावे. जुन्या पेढीवरच्या मुनीमजींचे डेस्क असेच उतरते असे. इथे भात घरोघर पिकतो, तेव्हा परातीत तांदूळ पसरून बोटाने मोठी अक्षरे काढायलाही अडचण नाही. एका बैठकीला दहा मिनिटे पुरे, कारण या रुग्णांना थकवा लवकर येतो. आणि लिहायचे ते उपयोगाचे: स्वतःचे नाव, गाव, तारीख, किराणाची यादी.

सगळ्यांत आधी सही. जुनी लफ्फेदार सही परत येण्याची वाट पाहू नये. सोपी, सुटी अक्षरे असलेली नवी सही ठरवावी, ती पक्की करावी आणि बँकेत लेखी अर्ज करून नमुना बदलून घ्यावा. सही जमतच नसेल तर रिझर्व्ह बँकेचा नियम आजारी खातेदाराच्या बाजूने आहे: बँकेच्या ओळखीच्या दोन साक्षीदारांसमोर, ज्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असेल, हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो. तोही शक्य नसेल तर नुसती खूणही चालते.

दहावी-बारावीच्या मुलांना लेखनिक आणि जादा वेळ मिळू शकतो. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी चाळीस टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्यांना तासाला किमान वीस मिनिटे जादा देण्याची तरतूद केली. त्याहून कमी अपंगत्व असूनही लिहिता न येणाऱ्यांसाठी २०२२ मध्ये वेगळ्या सूचना निघाल्या. दोन्हींना वैद्यकीय प्रमाणपत्र लागते, त्यामुळे शाळेतून अर्ज परीक्षेच्या तोंडावर न करता वर्षाच्या सुरुवातीलाच करावा.

एक मात्र विसरू नये. दर पंधरा दिवसांनी तेच एक वाक्य लिहून, तारीख टाकून वही जपून ठेवावी. सुधारत चाललेले अक्षर पुन्हा बिघडू लागले, सोबत डोकेदुखी, उलटी किंवा फिट आली, तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट न पाहता ती वही घेऊन डॉक्टरांना गाठावे.