चाकासची सुतारशाळा आणि पाचारण

पेरूच्या आंकाश विभागात, कॉर्दियेरा ब्लांका या हिमशिखरांच्या रांगेपलीकडे, सुमारे ३,३६० मीटर उंचीवर चाकास हे गाव आहे. वस्ती मुख्यतः केचुआ बोलणाऱ्या शेतकऱ्यांची. उतारावरच्या तुकड्यांत बटाटा नि मका पिकवायचा, चार मेंढ्या राखायच्या आणि मुलगा हाताशी आला की त्याने राजधानी लिमाची वाट धरायची, हा तिथला जुना क्रम. पुंता ओलिम्पिका खिंडीखालचा बोगदा २०१३ मध्ये खुला झाला. तोवर गाडीला बर्फाळ घाट चढूनच यावे लागे. अशा खोऱ्यांत एकेका धर्मगुरूकडे कितीतरी वाड्या असतात.

धर्मगुरू किंवा व्रतस्थ होण्याच्या आंतरिक हाकेला कॅथलिक परंपरेत पाचारण म्हणतात. हाक देवाची, ती ओळखायची तरुणाने आणि पारखायची चर्चने. ती जोपासण्याचे काम कुटुंब, शिक्षक, धर्मग्राम अशा साऱ्या समाजाचे आहे, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये स्पष्ट केले. गरीब डोंगरी भागात हे काम अधिक नाजूक होते. तिथल्या मुलाला सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयात, शिक्षण मिळते, पोटभर जेवण मिळते, शहर दिसते. त्याची ओढ देवाकडे आहे की उपासमारीतून सुटण्याकडे, हे पुष्कळदा त्याचे त्यालाही उमगत नाही. म्हणून अशा ठिकाणी चर्चच्या युवकसेवेने आधी पोटाचा प्रश्न वेगळा सोडवला, तरच पाचारणाची पारख प्रामाणिक होऊ शकते. चाकासमध्ये नेमके हेच घडले.

फादर ऊगो दे चेन्सी (१९२४–२०१८) हे उत्तर इटलीतल्या वाल्तेल्लिना या डोंगरी खोऱ्यातले, सालेशियन संघाचे धर्मगुरू. मुंबईकरांना माटुंग्याच्या शाळेमुळे परिचित असलेले संत डॉन बॉस्को हे या संघाचे संस्थापक. तुरिनच्या रस्त्यांवरच्या मुलांना त्यांनी प्रार्थनेसोबत हाताला कामही दिले होते. दे चेन्सींच्या प्रेरणेने १९६७ मध्ये इटालियन तरुणांचा एक गट ब्राझीलच्या मातो ग्रोसो भागात मदतीला गेला आणि त्यातून ‘ऑपेरात्सिओने मातो ग्रोसो’ ही चळवळ उभी राहिली. तिची रीत साधी आहे: इटलीत तरुणांनी रद्दी, चिंध्या, भंगार गोळा करून पैसा उभा करायचा आणि ज्यांना जमेल त्यांनी दक्षिण अमेरिकेत जाऊन बिनपगारी राबायचे. १९७६ मध्ये दे चेन्सी चाकासला आले आणि तिथलेच झाले.

त्यांनी तिथे लाकडी कोरीवकामाची शाळा काढली. गरिबांतल्या गरीब घरांतली मुले तिथे राहतात, जेवतात, शिकतात. घरच्यांना खर्च नाही. काही वर्षांच्या शिक्षणानंतर हातात कसब येते आणि गाव न सोडता पोट भरण्याची सोय होते. बाहेर पडलेल्या कारागिरांची सहकारी संघटना आहे. त्यांनी घडवलेले फर्निचर आणि चर्चमधले कोरीव काम परदेशातही जाते. चाकासच्या देवळातली वेदीही अशाच हातांनी सजली. पुढे मुलींसाठीही हस्तकलेचे वर्ग निघाले आणि गावच्या आश्रयदात्री मरियेचे, ‘मामा आशू’चे, नाव घेऊन इस्पितळ उभे राहिले.

याला जोडूनच रविवारची ‘ओरातोरिओ’ असते. थोरली मुले धाकट्यांना जमवून खेळ, गाणी आणि धर्मशिक्षण घेतात. एकट्या पडलेल्या म्हाताऱ्यांसाठी सरपण फोडतात, घर शाकारतात. सेवा आणि भक्ती इथे वेगळ्या तासांना शिकवल्या जात नाहीत, आणि हीच या पद्धतीची सर्वांत मोलाची बाजू आहे. दुसऱ्यासाठी घाम गाळण्याची सवय लागलेल्या मुलाने ‘मला धर्मगुरू व्हायचे आहे’ म्हटले, तर त्या बोलण्याला वजन येते.

तशांसाठी जवळच्या पोमाय्युकाय येथे सेमिनरी सुरू झाली. त्या भागातल्या वारी या धर्मप्रांतासाठी तिथे धर्मगुरू घडले. इटलीहून आलेल्या काही स्वयंसेवकांनाही याच कामात हाक ऐकू आली. दानिएले बादियाली हे त्यांपैकी एक. स्वयंसेवक म्हणून आलेले बादियाली १९९१ मध्ये धर्मगुरू झाले आणि शेजारच्या सान लुईस गावी सेवा करू लागले. मार्च १९९७ मध्ये लुटारूंनी ओलीस मागितला, तेव्हा दुसऱ्याच्या जागी ते स्वतः गेले आणि मारले गेले. त्याआधी १९९२ मध्ये जूलिओ रोक्का या तरुण स्वयंसेवकाला ‘शायनिंग पाथ’ या माओवादी संघटनेच्या बंडखोरांनी ठार केले होते.

तरीही केचुआ घरांत हा निर्णय सोपा नसतो. अँडीजच्या खेड्यांत माणूस लग्नानंतरच पुरता जाणता मानला जातो, त्यामुळे ब्रह्मचर्य लोकांना परके वाटते. शिवाय मुलगा गेला की शेतातले दोन हात कमी होतात. शाळेतली बहुतेक मुले सुतार होतात, लग्न करतात. त्यांतले काही वाडीत धर्मशिक्षण देतात. चर्चच्या शिकवणीत विवाहित जीवन हेही पाचारणच आहे, त्यामुळे सेमिनरीत न गेलेला मुलगा या कामात अपयशी ठरत नाही.