कागद फितूर होत नाही

चाळीसगावच्या कोर्टाच्या आवारात तारखेला आलेल्या माणसाला ‘अभियोक्ता कुठे बसतात?’ असं विचारलं, तर तो आपल्याकडे बघतच राहील. सरकारी वकील म्हणा, लगेच बोट दाखवेल. खान्देशात या शब्दाला वजन आलं ते जळगावच्या उज्ज्वल निकमांमुळे. १९९३चे बॉम्बस्फोट आणि नंतर कसाबचा खटला, यांमुळे सरकारी वकील हा टीव्हीवर दिसणारा माणूस झाला. (कसाबने बिर्याणी मागितल्याची गोष्ट आपण रचली होती, हे त्यांनीच २०१५मध्ये सांगितलं. कोर्टाबाहेरची गोष्ट असली तरी सरकारी वकिलाला ती शोभली, असं मला वाटत नाही.)

सरकारी वकिलाला खरी धास्ती असते ती साक्षीदार फितूर होण्याची. पोलिसांपुढे घडाघडा बोललेला माणूस पिंजऱ्यात उभा राहिला की ‘मला काही आठवत नाही’ म्हणतो. पंच तर सही कबूल करतो, पण वरचा मजकूर त्याला माहीत नसतो. म्हणून मला अमेरिकी लष्करातून वकिलीत आलेला बेंजामिन फेरेन्झ आठवतो. आयुष्यातला पहिलाच खटला, समोर २२ आरोपी, आणि डोळ्यांनी पाहिलेला एकही साक्षीदार त्याने उभा केला नाही. सरकार पक्षाचं म्हणणं दोन दिवसांत मांडून झालं.

फेरेन्झचा जन्म १९२०चा, ट्रान्सिल्वानियातल्या ज्यू कुटुंबातला. दहा महिन्यांचा असताना आईबापांबरोबर तो अमेरिकेत आला. न्यूयॉर्कच्या गरीब, गुन्हेगारीने गाजलेल्या वस्तीत वाढला. हार्वर्डमधून १९४३मध्ये कायद्याची पदवी घेतली आणि फौजेत गेला, तो विमानविरोधी तोफांच्या तुकडीत. दुसऱ्या महायुद्धात नॉर्मंडीनंतर जर्मनीकडे सरकणाऱ्या जनरल पॅटनच्या फौजेत युद्धगुन्ह्यांचा तपास करणारी शाखा निघाली, तेव्हा हार्वर्डमधला त्याचा या विषयाचा अभ्यास कामी आला.

काम काय? नाझींची छळछावणी हाती लागली की जीप घेऊन पोचायचं, आधी कचेरी गाठायची, दप्तर ताब्यात घ्यायचं. मेलेल्यांच्या नोंदवह्या, पहारेकऱ्यांच्या याद्या, जिवंत राहिलेल्यांचे जबाब. बुखेनवाल्डला त्याने हेच केलं, माउटहाउझेनलाही. आपल्या भाषेत तो तपासी अंमलदारच होता. बाहेर प्रेतांचे ढीग पडलेले असताना आत जाऊन वह्या गोळा करायला जे काळीज लागतं, त्याला मी शौर्य म्हणेन; पदकं बहुधा दुसऱ्याच गोष्टींना मिळतात. १९४५ संपता संपता तो सार्जंट म्हणून फौजेतून मोकळा झाला.

पुढच्या वर्षी तो पुन्हा जर्मनीत आला, न्युरेंबर्गला नाझींवर चाललेल्या पुढच्या खटल्यांचे प्रमुख सरकारी वकील टेलफर्ड टेलर यांच्या हाताखाली. बर्लिनमध्ये त्याच्या माणसांना काही फायली सापडल्या. पूर्व आघाडीवर सैन्याच्या मागोमाग जाऊन ज्यू आणि इतरांना गोळ्या घालणाऱ्या ‘आइनझात्सग्रुपेन’ पथकांचे ते अहवाल होते. कोणत्या गावात, कोणत्या तारखेला किती मारले, याचा पथकांनी स्वतःच ठेवलेला हिशोब. फेरेन्झने बेरजेच्या छोट्या यंत्रावर आकडे मिळवायला घेतले. दहा लाखांच्या पुढे गेल्यावर थांबला. टेलर म्हणाले, नव्या खटल्याला माणसं नाहीत, पैसाही नाही. फेरेन्झ म्हणाला, मग मीच चालवतो.

२९ सप्टेंबर १९४७ला खटला उभा राहिला तेव्हा तो २७ वर्षांचा होता. उंची इतकी कमी, की मेजामागून दिसावं म्हणून पायाखाली पुस्तकं रचली. आरोपींपैकी ओटो ओलेनडॉर्फ याने आपल्या पथकाने सुमारे ९० हजार माणसं मारल्याचं आधीच कबूल केलं होतं. एप्रिल १९४८मध्ये सगळे २२ दोषी ठरले. १४ जणांना फाशी सुनावली गेली, पण प्रत्यक्षात १९५१मध्ये चौघेच फासावर गेले. फेरेन्झने फाशी मागितलीच नव्हती. इतक्या माणसांच्या जिवाची भरपाई २२ जणांच्या जिवातून होणार नाही, असं त्याचं मत होतं.

म्हणजे ज्याने तपास केला, त्यानेच खटलाही चालवला. इथे आपल्याकडचा कायदा वेगळी रेघ ओढतो. चाळीसगावहून कन्नडला चढणाऱ्या औट्रम घाटाला ज्याचं नाव आहे तो जेम्स औट्रम फौजी अधिकारी. १८२५मध्ये त्याने खान्देश भिल्ल पलटण उभी केली आणि पलटणीकडेच बंदोबस्ताचं काम आलं. पुढे कितीतरी काळ खालच्या कोर्टात पोलीस खात्यातलेच प्रॉसिक्युटर खटले चालवत. १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने तपास करणारा आणि खटला चालवणारा यांना वेगळं केलं. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही तेच आहे. कारण सरकारी वकील पोलिसांचा वकील नसतो. आरोपीच्या बाजूचा कागद हाती आला, तर तोही त्याने न्यायाधीशांपुढे ठेवायचा असतो. हुकूम मानायची सवय जडलेल्या माणसाला हे जड जात असणार, असं मला वाटतं.

आता फौजेतून सरकारी वकिलीत येऊ पाहणाऱ्या आपल्या माणसांचं गणित. २०२२च्या आधी भरती झालेला जवान घ्या: अठराव्या वर्षी भरती, सतरा वर्षांनी पेन्शन घेऊन घरी, वय ३५. नोकरीत असतानाच बाहेरून पदवी घेतली असेल, तर एलएलबीची तीन वर्षं. तालुक्याच्या कोर्टातल्या सहायक सरकारी वकिलाच्या जागेसाठी एमपीएससीची परीक्षा. सत्र न्यायालयात सरकारी वकील व्हायचं तर किमान सात वर्षांची वकिली हवी. म्हणजे पंचेचाळिशी आली.

फेरेन्झ त्यापुढेही थांबला नाही. ऑगस्ट २०११मध्ये, ९१व्या वर्षी, तो हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात सरकार पक्षाकडून समारोपाच्या भाषणाला उभा राहिला. आरोपी होता काँगोचा थॉमस लुबांगा. गुन्हा, लहान मुलांना सैन्यात ओढल्याचा.