तपकीर-कुप्या, चिनी काचेच्या

तपकीर ठेवण्यासाठी चीनमध्ये मांचू (छिंग) राजवटीत (१६४४–१९१२) प्रचारात आलेल्या, साधारणतः ५ ते ८ सेंमी. उंचीच्या लहान बाटल्या. यूरोपात तपकिरीसाठी डबी वापरीत. चीनमध्ये मात्र औषधी चूर्णांच्या बाटलीवरून कुपीचा आकार रूढ झाला. घट्ट बुचामुळे तपकीर दमट हवेत सर्दळत नसे व तिचा सुगंध टिके. बुचाला आतून हस्तिदंताचा वा हाडाचा चिमुकला चमचा जोडलेला असे.

सम्राट खांग-शी (कार. १६६१–१७२२) याने १६९६ मध्ये पीकिंगच्या राजवाड्यात काचेचा कारखाना काढला, त्याची उभारणी किलिआन श्टुम्फ या जर्मन जेझुइटाच्या देखरेखीखाली झाली. या कुप्यांचे एकरंगी, मीनाकारीयुक्त, आच्छादित व अंतर्चित्रित असे प्रमुख प्रकार आहेत. आच्छादित कुपीत एका रंगाच्या काचेवर दुसऱ्या रंगाच्या काचेचा थर चढवून तो अपघर्षक चाकाने नक्षीपुरता ठेवीत व बाकीचा कोरून काढीत. अंतर्चित्रित कुपीचा आतील पृष्ठभाग खरखरीत करून, अरुंद तोंडातून वाकड्या टोकाची लेखणी घालून चित्र काढीत.

संग्राहकाची सर्वाधिक फसवणूक होते ती तळावरील राजमुद्रेमुळे. छ्येन-लुंग (कार. १७३५–९६) या सम्राटाचे नाव उत्तरकालीन कुप्यांवरही आदरापोटी किंवा विक्रीसाठी कोरले गेले. अंतर्चित्रणाची कला एकोणिसाव्या शतकात विकसित झाली. त्यामुळे अशा कुपीवरील त्याची मुद्रा समकालीन मानता येत नाही. बूचही पुष्कळदा मागाहून बदललेले असल्याने कालनिश्चितीस निरुपयोगी ठरते.

त्यापेक्षा घडणीचा पुरावा अधिक विश्वसनीय होय. चाकाने कोरलेल्या नक्षीच्या कडा रेखीव असतात. अम्लाने खाऊन काढलेल्या नक्षीच्या कडा बोथट दिसतात, तर साच्यातील कुपीवर सांध्याची रेघ आढळते. दीर्घ वापराचे ओरखडे तळकडेवर वेगवेगळ्या दिशांना गेलेले असतात. सर्व ओरखडे समांतर असल्यास ते मुद्दाम पाडल्याचा संशय येतो. जेडसारख्या दिसणाऱ्या काचेत भिंगातून गोल बुडबुडे दिसतात. कठिनतेसाठी ओरखडा काढून पाहण्याची परीक्षा वस्तूस हानिकारक असल्याने वर्ज्य समजावी.

यांपैकी कोणतेही लक्षण एकटे निर्णायक नसते. सर्वांचा मेळ बसल्यासच कालनिर्णय ग्राह्य ठरतो. अंतर्चित्रित कुपी आतून कधीही धुऊ नये. पाण्याने रंग विरघळून चित्र कायमचे नष्ट होते.